गुलमर्गला स्की : एका दिवसात काही जमतं का, की गोंडोला करून गुपचूप परत यावं?

छप्पन_दुकान (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं इंदूरचे, कॉलेजपासूनचे मित्र. दर हिवाळ्यात लांब कुठे तरी जायचं ठरतं आणि शेवटी मांडूला जाऊन, दाल-पानिये खाऊन रात्री घरी. यंदा मात्र गुलमर्ग नक्की केलंय, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पहलगामनंतर आई काश्मीरचं नाव काढू देत नव्हती, तिला पटवता पटवता दिवाळी गेली.

आता गाडं अडलंय स्कीवर. दोघांचं म्हणणं, स्की शिकायला जन्म जातो, एका दिवसात बर्फात लोळण्यापलीकडे काही होत नाही. त्यापेक्षा गोंडोलाने (तिकडचा रोपवे) वर जावं, फोटो काढावेत, खाली येऊन मटण हाणावं. मला आणि चौथ्याला स्की करायचीच आहे. रोज रात्री ग्रुपवर तेच भांडण, ठरून काही नाही राहिलं.

आमची परिस्थिती सांगतो. बर्फ फ्रीजच्या बाहेर कोणीच पाहिलेला नाही. एकाचं वजन ९५ किलो. एकाचा गुडघा क्रिकेटमध्ये दुखावलेला, पायऱ्या उतरताना कुरकुरतो. मी स्वतः धडधाकट आहे, पण स्केटिंगसुद्धा कधी केलेलं नाही.

कपडे, बूट इथून घेऊन जायचे की तिकडे मिळतात? जायचं कसं? आणि मुख्य म्हणजे इथे कोणी स्वतः स्की केलीय का? व्हिडिओ बघून सांगणारे भिया पुष्कळ भेटले. ज्याने केली असेल त्याने आपला एखादा दिवस जसाच्या तसा सांगावा, म्हणजे त्या दोघांच्या तोंडावर मारता येईल.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मी स्की केलेली नाही, आधीच सांगून टाकतो. गेल्या हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन गुलमर्गला गेलो होतो, सगळा वेळ बुखारीजवळ (खोलीतली लाकडाची शेगडी) बसून काढला आणि मजेत काढला. तुमच्या त्या दोघांच्या बाजूने एक मत माझंही धरा.

जाण्याचं विचारता तर इंदूरवाल्यांचं नशीब चांगलं आहे. मालवा एक्स्प्रेस महूहून सुटते ती थेट कटऱ्याला. आमच्या ग्वाल्हेरवरूनच जाते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, साधारण तीन तासांत पोचवते, चिनाबवरचा तो ३५९ मीटर उंचीचा पूल वाटेतच लागतो. कटऱ्याला रात्र काढायची आणि सकाळची गाडी धरायची. विमानाची घाई नसेल तर हाच रस्ता घ्या. शिवाय फेब्रुवारीत श्रीनगरला धुकं नाहीतर बर्फ असला की विमानं रद्द होतात, ते वेगळंच.

गोंडोलाचे दोन टप्पे. पहिला गुलमर्गहून कोंगडूरीपर्यंत, दुसरा तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटर. तिकीट ऑनलाइन काढा आणि आधी काढा. तिथे जाऊन रांगेत उभं राहू म्हणाल तर हात हलवत परत याल. हवा निरभ्र असेल तर वरून नंगा पर्वत दिसतो. आम्हाला दिसला. थोरल्याचं डोकं मात्र वर गेल्यापासून दुखत होतं ते खाली येईपर्यंत.

आणि प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. पोस्टपेड लागतं. निदान एकाकडे तरी असू द्या.

रामबागची_काकू (इंदूर)

अरे-तुरे करते हं, माझा मुलगा तुमच्याच वयाचा असावा.

मी केलीय स्की. पंचावन्नाव्या वर्षी, तीही तिघी मैत्रिणींबरोबर. मेघदूत उद्यानात सकाळी फिरणारा आमचा कंपू : एक बँकेतून रिटायर झालेली, एक डॉक्टरीण, शेजारच्या वहिनी आणि मी. वहिनी एकसष्टच्या, आमच्यात सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत भित्र्या. घरी चौघींनी ‘काश्मीर बघायला चाललोय’ एवढंच सांगितलं होतं.

फेब्रुवारी २०२४. तो हिवाळा तिकडच्या लोकांना चांगला लक्षात आहे. चिल्लई कलां म्हणतात तिकडे, २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, ऐन कडाक्याचे. ते कोरडेच चालले होते. जानेवारीत गुलमर्गचं मैदान पिवळ्या गवताचं दिसत होतं, टीव्हीवर तेच दाखवायचे. बँकवालीचा रोज सकाळी फोन, ‘रद्द करू या का?’ मी म्हणायचे थांब. कारण ज्या पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा) काश्मीरला बर्फ पडतो तेच जोरात आले की आपल्या माळव्यात मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडतो, आणि ते पुढे सरकले की उत्तरेचा वारा उतरून इथे राजवाड्यावर पोहे खाताना बोटं गारठतात. मी इंदुरात बसून आभाळ बघायचे आणि हवामान खात्याचा नकाशा बघायचे. जानेवारी संपता संपता विक्षोभ आले आणि बर्फ पडला. आम्ही पोचलो तेव्हा पायथ्याच्या टंगमर्गहून वर जायला चाकांना साखळ्या लावलेली गाडीच करावी लागली. तेरा किलोमीटरचा चढ, वहिनींनी अख्खं रामरक्षा स्तोत्र म्हणून पार केला.

तुला एक दिवस जसाच्या तसा हवाय ना? पहिला दिवस सोडून देते. पहिल्या दिवशी चौघी फक्त पडलो आणि हसलो, त्यात शिकण्यासारखं काही नाही. मी सांगते तो नंतरचा एक दिवस. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलेलं. गोल्फ कोर्सच्या कडेला नवशिक्यांचे उतार आहेत, तिथे आम्ही होतो. हो, गोल्फ कोर्स. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात तिथेच हिवाळ्यात लोक स्कीवर पडतात.

आधी बुटाचं सांगते, कारण अर्धी स्की बुटात आहे. बूट, स्की, काठ्या सगळं तिकडे भाड्याने मिळतं, इथून काही घेऊ नको. पण दुकानदार देईल तो बूट घालून निघू नको. आमच्या बँकवालीला एका दुकानात एक नंबर मोठा बूट दिला, तिला तो ऐसपैस वाटला, ती खूश. तासाभरात नडगी सोलपटून निघाली. बूट असा हवा की सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकतो आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की अंगठा जरा मागे येतो. टाच आत उचलता कामा नये. आणि मोजे एकच जोडी, लोकरीचे, गुडघ्याखालपर्यंत येणारे. थंडी वाजते म्हणून दोन जोड्या चढवल्या तर पायातलं रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. हे डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ऐकलं फक्त वहिनींनी.

आता स्की पायात चढवणं. बुटाचा पुढचा भाग आधी खोबणीत घालायचा, मग टाच दाबायची. खट् आवाज आला की बसला. ताज्या बर्फात पाच पावलं चालून आलास की तळव्याला बर्फाची ढेप चिकटते आणि तो खट् काही येत नाही. काठीच्या टोकाने ती ढेप खरवडायची, लगेच पाय घालायचा, तेवढ्यात खाली ठेवलास तर पुन्हा चिकटली. त्या दिवशी सकाळी माझा उजवा पाय बसेचना. मी दाबतेय, दाबतेय, आणि बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा येऊन, न विचारता, माझा बूट हातात धरून गाढवाचा खूर तपासावा तसा उलटा करून, खरवडून निघून गेला. ‘अब लगाओ, आंटी.’ लागला.

आमचे शिकवणारे उस्ताद टंगमर्गचे, चाळिशीचे गृहस्थ. फिरनच्या (काश्मिरी झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी), तोंडावर उन्हाने करपलेला चष्म्याचा आकार. त्यांनी सगळ्यात आधी आमची एक खोड मोडली. फुगडी घालताना कशा आपण हात धरून मागे झुकतो, जितकं मागे तितका जोर? उतार दिसला की चौघींचं अंग आपोआप तसंच मागे जायचं. स्कीवर मागे झुकलं की स्की पुढे पळते आणि आपण ढुंगणावर. अंग पुढे, गुडघे पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली. मनाला ते पटायला वेळ लागतो. खाली दरी दिसतेय (दरी कसली, चार हात उतार, पण डोळ्यांना दरीच) आणि माणूस सांगतोय दरीकडे झुक. ते दिवसभर एकच वाक्य म्हणत होते, ‘मैडम, नीचे मत देखो, जहाँ जाना है वहाँ देखो.’

थांबायचं कसं? स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडांवर जोर. उताराला जितक्या टाचा फाकवशील तितका वेग कमी. वळायचं कसं? उजवीकडे जायचं तर भार डाव्या पायावर. हे उलटं आहे, आणि ते डोक्याने नाही, पायानेच समजतं. डॉक्टरीण धीट. तिला सगळं डोक्याने समजायचं आणि ती सरळ सुटायची, ती थेट खालच्या नारंगी जाळीत. जाळी कशासाठी आहे ते तिच्यामुळे आम्हाला कळलं.

वर जायला ड्रॅग लिफ्ट असते. वरून दोरीला टांगलेला दांडा येतो, त्याची चकती दोन पायांमध्ये धरायची आणि तो ओढत नेतो तसं उभं राहून जायचं. बसायचं नाही! वहिनी बसल्या. दांडा आला, त्यांना वाटलं आसन आलं, त्या टेकल्या, दांडा ताणला गेला आणि वहिनी बर्फात. तरी त्यांनी तो सोडला नाही. बस चुकू नये म्हणून दार धरून राहावं तशा लोंबकळत राहिल्या, शेवटी लिफ्टवाल्याने लिफ्ट थांबवली. वरून रांगेतून कोणी तरी गुजरातीत ओरडलं, ‘बा, छोडी दो!’ त्यावर वहिनींनी उठून, टोपी सरळ करून सांगितलं, ‘बा कुणाची रे?’

दुपारी टपरीत काहवा, उकडलेले बटाटे. मी पर्समधून जिरावन मसाला काढला. इंदूरचा माणूस घर सोडताना आधार कार्ड विसरेल, जिरावन नाही. बटाट्यावर घातलं, उस्तादांनाही दिलं. त्यांनी बोट लावून चाटलं आणि पुडी सरळ फिरनच्या खिशात टाकली. हातमोजे बुखारीच्या कडेला वाळत होते, तेव्हा बोलता बोलता आरिफ खानचा विषय निघाला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताचा एकटा खेळाडू गेला होता तो हाच, यांच्या टंगमर्गकडचा. जायंट स्लॅलममध्ये (खांबांमधून वळणं घेत उतरायची शर्यत) ४५वा आला, स्लॅलमची शर्यत मात्र पूर्ण करता आली नाही. सांगताना उस्तादांची छाती फुगलेली. वहिनींनी त्यातलं नेमकं शेवटचं उचललं. ‘म्हणजे त्यालाही पूर्ण नाही करता आली? मग आपलं काय घेऊन बसलात!’

दुपारनंतर काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. वहिनी वरून निघाल्या. हळू. टाचा फाकलेल्या, चेहरा सत्यनारायणाला बसल्यासारखा गंभीर. मध्ये दोन पर्यटक फोटो काढत उभे होते, त्यांच्या मागे स्लेजवाला. आम्ही खालून ओरडतोय, ‘पडा वहिनी, पडा!’ कारण पडणं हाच आमचा ब्रेक होता. वहिनी पडल्या नाहीत. त्यांनी टाचा आणखी फाकवल्या आणि त्या दोघांच्या चार हात अलीकडे उभ्या राहिल्या. उभ्या! आणि त्यांना म्हणाल्या, ‘ज़रा साइड में.’ चौघींत थांबायला पहिल्यांदा शिकल्या त्या वहिनी. का, तर सांगितलेलं तेवढंच केलं म्हणून. आम्ही तिघी हुशार होतो.

त्यानंतर मग सगळ्यांचंच सुटलं. उन्हं कलायला लागल्यावर उस्ताद पुढे, मागे वहिनी, मग बँकवाली (बदलून घेतलेल्या बुटात), मग मी, शेवटी डॉक्टरीण, अशा एका ओळीत वरपासून खालपर्यंत आलो. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. कोणी पडलं नाही. वेग विचारशील तर शेजारून एक आजोबा चालत उतरत होते, ते आमच्या आधी पोचले. आणि खाली पोचून आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा सात-आठ वर्षांची दोन काश्मिरी पोरं, हातात काठ्याही नाहीत, उलटी पाठ करून आमच्या मधून सूं करत गेली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एका दिवसात थांबायला शिकता येतं. एवढंच. पण त्या दोघांना सांग, की थांबता आलं की भीती जाते, आणि भीती गेली की मग मजाच मजा आहे. सलग तीन दिवस काढता आले तर चौघांनाही वळता येईल. एकच दिवस असेल तर चौघांत मिळून एक चांगला शिक्षक धरा, सकाळपासून, आणि दिवसभर तोच ठेवा. तासातासाला बदलू नका. पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे तिथे, आयआयएसएम, त्यांचे कोर्स असतात, सुट्टी जास्त असेल तर तिकडे आधी चौकशी कर. आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा त्याच दिवशी करू नका. स्की करून पाय गेलेले असतात, वर हवा विरळ, आणि मग लष्करवाल्यांच्या थोरल्यासारखं डोकं धरून बसायची वेळ येते. तो वेगळ्या दिवशी करा, जरूर करा.

सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लाव. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, ऊन खालूनही लागतं. आमच्या डॉक्टरणीची हनुवटी सोलली होती, परत आल्यावर पेशंट विचारायचे.

अजून एक. गाडीतून उतरलात की स्लेजवाले, गमबूटवाले, कोटवाले गराडा घालतील. वैतागू नका. भाव आधी ठरवा, नको असेल तर एकदा नीट ‘नहीं भाई’ म्हणा. बर्फ पडला नाही तर या लोकांचं वर्ष कोरडं जातं. २०२४ च्या जानेवारीबद्दल आमचे स्लेजवाले बोलत होते ते ऐकल्यावर घासाघीस करावीशी वाटली नाही. बँकवालीने केली. तिची सवय.

दांडियाबाजार (बडोदे)

काकू, ‘बा छोडी दो’ म्हणणारा बडोद्याचाच असणार, पैज लावा.

मी गुलमर्ग पाहिलेलं नाही, उत्तराखंडात औलीला शिकलो. दुसरी बाजूही कळावी म्हणून लिहितो. गढवाल मंडल विकास निगमचे तिथे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, राहणं, जेवण, स्की, शिक्षक सगळं एकत्र. भाव ठरवायची कटकट नाही, गराडा नाही. संध्याकाळी सगळे एका हॉलमध्ये जेवायला, त्यामुळे एकटा गेलो तरी मित्र होऊन परतलो. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर. पडून उताणा झालो की तीच दिसायची. इतक्या वेळा दिसली की शेवटी ओळख झाल्यासारखी वाटायला लागली.

पण दोन गोष्टी तोंडावर सांगतो. बर्फाचा भरवसा गुलमर्गपेक्षा कमी. बर्फ नाही म्हणून तिथल्या स्पर्धा रद्द झालेल्या आहेत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, पण यंत्रालाही हवा शून्याखाली लागते, उन्हाळी हवेत ते काय करणार. दुसरं म्हणजे औलीच्या खालच्या जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. मी त्यानंतर गेलो, रस्त्यानेच. ऋषिकेशहून जोशीमठ हाच अख्ख्या दिवसाचा प्रवास. जोशीमठात भिंतींना गेलेले तडे बघत वर जायचं आणि वर जाऊन मजा करायची, हे मला तरी जरा जड गेलं.

चार मित्र, सुट्टी मोजकी, तर गुलमर्गच. पंधरा दिवस हातात असतील आणि खरंच शिकायचं असेल तर औली.

छप्पन_दुकान (इंदूर)

काकू, दंडवत. हे सगळं ग्रुपवर टाकलं. एक जण फुटला आमच्या बाजूने. दुसरा म्हणतो, वहिनी थांबल्या हे ठीक, त्या सुटल्या कशाला?

दोन शंका. गुडघेवाल्याने करावी की नाही? आणि ९५ किलोवाल्याला ती स्की पेलेल का, मोडणार तर नाही ना? तो खरंच विचारतोय, गंमत नाही.

रामबागची_काकू (इंदूर)

९५ वाल्याला सांग, त्याच्यापेक्षा वजनदार परदेशी लोक तिथे वरच्या उतारांवर उड्या मारतात. स्की मोडत नाही. पण एक काम कर. बूट स्कीला जिथे अडकतो तिथे एक आकडा लावलेला असतो. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा ते त्यावर ठरतं. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि नवशिका आहे की नाही, यावरून तो लावायचा असतो. घाईत दुकानवाले आधीच्या गिऱ्हाईकाचाच आकडा ठेवतात. चौघांनीही आपापलं वजन खरं सांगा आणि समोर उभं राहून लावून घ्या. ढिला असला तर चालता चालता स्की निघेल. घट्ट असला तर पडल्यावर निघणारच नाही आणि पाय पिरगळेल. आकड्याच्या बाबतीत लाजायचं नाही, फुगवायचं पण नाही. स्की उंचीला हनुवटी ते नाकाच्या मध्ये येईल एवढीच घ्यायला सांग, लांब दिली तर परत कर.

गुडघ्याचं मी सांगणार नाही, डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणते, नुसता कुरकुरत असेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवून, मांडीचे व्यायाम आत्तापासून सुरू करून जावं. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, रोज. पण गुडघा मध्येच लचकतो, अडकतो, सुजतो असं असेल तर आतला लिगामेंट किंवा गादी गेलेली असू शकते, मग स्की नाही. टाचा फाकवून थांबायचं म्हणजे सगळा पीळ गुडघ्यावरच येतो. त्याला स्लेजवर बसवा, टपरीत बसवा, फोटोचं काम द्या.

आणि सुटल्या कशाला म्हणणाऱ्याला सांग, एकसष्टाव्या वर्षी वहिनींना कोणी विचारलं नव्हतं कशाला म्हणून, त्यामुळेच सुटता आलं.

एवढं मात्र गंभीरपणे. चौघांत कोणाला दुसऱ्या दिवशी जोर आला आणि गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून स्कीवर खाली यायची हुक्की आली, तर त्याला बांधून ठेवा. तो नवशिक्यांचा उतार नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटवर दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, आणि आम्ही गेलो त्याच महिन्यात, २०२४ ला, एक रशियन गेला. हे सगळे जाणते लोक होते. वर कुठला भाग उघडा, कुठला बंद, ते तिथलं स्की पट्रोल (उतारांवरचं गस्ती पथक) ठरवतं. बंद म्हटलं की बंद. ‘भिया, दस मिनट का काम है’ हे तिथे चालत नाही.

थर्मल इथेच घे, सुती बनियन आत घालू नकोस, घाम धरतं आणि थांबलास की गार पडतं. वरचा जाड कोट, पँट, गॉगल तिकडे भाड्याने. हातमोजे मात्र स्वतःचे, पाणी न शिरणारे. भाड्याचे हातमोजे आदल्या माणसाच्या घामाने ओले असतात.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

काकू, तुमचं सगळं वाचलं. मत बदललेलं नाही. बुखारी ती बुखारी.

छप्पन, मालवानेच जाणार असाल तर डबा आणि बर्थ नंबर कळवा. ग्वाल्हेरला गाडी थांबते, गजक घेऊन येतो. दोन डबे आणतो, एक त्या उस्तादांना द्या. जिरावनची पुडी एव्हाना संपली असेल.